पेशी गुदमरते तेव्हा बाहेर काय टाकते?

वाचकांचे प्रश्न, प्रयोगशाळेतली उत्तरं

मागच्या अंकात पेशींमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुटिकांबद्दल मी थोडं लिहिलं होतं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी पटलात गुंडाळलेल्या बारीक पिशव्या बाहेर सोडत असते, त्यांतल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात, आणि पेशीवर ताण आला की त्यांचं प्रमाण बहुधा वाढतं, एवढाच त्याचा मथितार्थ. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेते आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे. ते वाचल्याशिवाय पुढची चार नीट कळणार नाहीत, म्हणून ते आखडतं घेतलेलं नाही.

मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी एक टक्का ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवल्या. माध्यमातल्या कणांची संख्या साध्या इनक्युबेटरमधल्या पेशींपेक्षा बरीच जास्त आली. गाईड म्हणतात, पेशी मदतीसाठी टाहो फोडत आहेत. बरोबरचा मित्र म्हणतो, हा नुसता कचरा. मी थिसिसमध्ये काय लिहू?
*– एक विद्यार्थिनी, कलिना*

तुझा मित्र जे म्हणतोय तिथूनच हा विषय सुरू झाला. १९८३ साली मॉन्ट्रियलमध्ये रोझ जॉनस्टन आणि सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक गोष्ट पाहिली. तांबडी पेशी पूर्ण वाढीला येते तेव्हा लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर तिला नकोसा होतो. मग ती तो सूक्ष्म पुटिकांवर चढवून सरळ बाहेर टाकते. जॉनस्टन यांच्याकडे मेंढीच्या पेशी होत्या, स्टाल यांच्याकडे उंदराच्या. पुढची दहाएक वर्षं बहुतेकांनी याकडे पेशीची साफसफाई म्हणूनच पाहिलं. १९९६ साली ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रोगप्रतिकारक बी पेशींनी सोडलेले एक्झोसोम त्याच यंत्रणेतल्या टी पेशींना चेतवू शकतात. मग २००७ साली स्वीडनमधून यान लोटवाल यांच्या गटाचं काम आलं. उंदराच्या पेशींचे एक्झोसोम त्यांनी माणसाच्या पेशींना दिले, आणि त्या मानवी पेशींमध्ये उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली. पुटिकेतून आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, गेला होता आणि तो कामाचा होता. त्यानंतर ‘नुसता कचरा’ म्हणणं अवघड झालं.

पण म्हणून तुझे गाईड म्हणतात तसा टाहो सिद्ध होत नाही. टाहो म्हटलं की हेतू आला. पेशीत आपल्याला हेतू दिसत नाही, दिसतात त्या वाटा. तेव्हा वाटाच बघू.

पहिली वाट आतून येते. पेशीच्या आत एक गोलक असतो आणि त्याच्या पोटात बारीक पुटिका तयार होतात, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. या गोलकाला पुढे दोन रस्ते असतात. एक लायसोसोमकडे, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिकेकडे. तिथे आम्ल आणि विकरं सगळ्याचं विघटन करतात. दुसरा पेशीच्या बाह्यपटलाकडे. गोलक तिथे पोचून पटलाशी एकजीव झाला की पोटातल्या पुटिका बाहेर सांडतात. हेच एक्झोसोम. आता लायसोसोमच नीट चालत नसेल तर? रविवारच्या मेगाब्लॉकला माटुंगा-मुलुंड दरम्यान धीम्या मार्गावर काम निघालं की लोकल जलद मार्गावर वळवतात, तसाच हा गोलक बाह्यपटलाकडे वळतो. क्लोरोक्विन किंवा बॅफिलोमायसिन देऊन लायसोसोमचं आम्ल कमी केलं की पेशी जास्त एक्झोसोम सोडू लागतात, हे अनेक प्रयोगशाळांत दिसलं आहे. वाढ दिसली म्हणजे पेशीने मुद्दाम काही पाठवलं असं समजायची घाई नको, ते मी याचसाठी म्हणते. कधी कधी आतला निचरा तुंबलेला असतो, एवढंच.

दुसरी वाट थेट पटलावरून आहे, आणि ती फार जलद आहे. पेशीत कॅल्शियम अचानक वाढलं की पटलाच्या आतल्या थरातलं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या थरात येतं, कॅल्पेन नावाचं विकर पटलाखालचा सांगाडा तोडतं, आणि पटलाला फुगवटे येऊन ते सुटतात. या पुटिका मोठ्या, १०० ते १००० नॅनोमीटरच्या. हे सगळं मिनिटांत उरकतं. पेशीच्या पटलाला एखाद्या विषाने भोक पाडलं तर पेशी तेवढा फाटका तुकडाच कापून बाहेर टाकते आणि स्वतः जगते, हेही याच वाटेवरचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इथे पुटिका सोडणं हाच उपचार आहे. ती पुढे कुणाला मिळाली, न मिळाली, पेशी तर वाचली.

तिसरी गोष्ट मेलेल्या पेशींची. मरताना पेशीचे तुकडे पडतात, एक ते पाच मायक्रॉनचे, आणि त्यांच्यासोबत बारीक चुराही. तुझं यंत्र कणांची हालचाल बघून मोजत असेल तर त्याला एक्झोसोम आणि हा चुरा यांतला फरक कळत नाही.

ताणाचे प्रकारही वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात. किरणोत्सर्गाने डीएनए तुटला की पी-५३ हे डीएनएवर पहारा ठेवणारं प्रथिन जागं होतं आणि टीएसएपी-६ नावाच्या जनुकामार्फत एक्झोसोमचा स्राव वाढवतं; हे २००६ साली आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं. त्याला काही तास लागतात, कारण जनुक वाचायचं, प्रथिन बनवायचं, मग पुढचं. उष्णतेच्या ताणाने बाहेर पडणाऱ्या एक्झोसोममध्ये एचएसपी-७० हे प्रथिन वाढतं. भोवतालचं माध्यम आम्लधर्मी झालं तर मेलॅनोमाच्या पेशी जास्त एक्झोसोम सोडतात. ऑक्सिजन कमी पडल्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत वाढ होते आणि त्यात एचआयएफ-१ अल्फाचा, म्हणजे ऑक्सिजन कमी असताना पेशीत साचणाऱ्या एका प्रथिनाचा, हात असतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालं आहे. तुझा निकाल त्याच्याशी जुळतो. पण याउलटही होतं, आणि ते तुझ्या थिसिसमध्ये यायलाच हवं. के-५६२ या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना उपाशी ठेवलं, तर त्यांचे आतले गोलक स्वतःचेच घटक पचवणाऱ्या गोलकांना जाऊन मिळतात आणि एक्झोसोम कमी बाहेर पडतात. हे २००८ सालचं काम. म्हणजे ‘ताण आला की पुटिका वाढतात’ हे सरसकट वाक्य लिहू नकोस. कोणता ताण, किती वेळ, कोणती पेशी, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आणि संख्येपेक्षा मोठा प्रश्न आत काय आहे हा. माझं सगळ्यात आवडतं काम २०१० सालचं आहे, तेही लोटवाल यांच्याच गटाचं. उंदराच्या मास्ट पेशींना (या रोगप्रतिकारक पेशी) हायड्रोजन पेरॉक्साइडचा ताण दिला. त्यांनी सोडलेले एक्झोसोम गोळा करून दुसऱ्या, आधी ताण न दिलेल्या पेशींना दिले. मग त्या दुसऱ्या पेशींना पेरॉक्साइड दिलं, तर त्या जास्त तगल्या. साध्या परिस्थितीत वाढलेल्या पेशींच्या एक्झोसोमने तेवढं संरक्षण मिळालं नाही. आणि तेच एक्झोसोम आधी अतिनील किरणांखाली ठेवले तर परिणाम नाहीसा झाला. अतिनील किरण आरएनए बिघडवतात, त्यामुळे संशय आरएनएवर जातो. या एका प्रयोगात तुझ्या मित्राला उत्तर आहे आणि तुझ्या गाईडनाही: मूळ पेशी कोणत्या अवस्थेत होती त्यावर पुटिकेत काय भरलं जाणार हे ठरतं, आणि ते घेणाऱ्या पेशीला पोचतं.

आता तुझा फ्लास्क. मी परळच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर पेशी वाढवल्या, त्यामुळे तुझ्या पत्रातल्या ‘साध्या इनक्युबेटर’वर माझी नजर अडकली. त्या इनक्युबेटरमध्ये १८-१९ टक्के ऑक्सिजन असतो. शरीरातल्या बहुतेक ऊतींना तो ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास मिळतो. म्हणजे तू ज्यांना साध्या म्हणतेस त्या पेशी अतिरिक्त ऑक्सिजनच्या ताणाखाली आहेत. जमलं तर पाच टक्क्यांवरचा एक फ्लास्क जोड.

दुसरं, माध्यमात वासराचं सीरम होतं का? सीरममध्ये त्याच्या स्वतःच्या पुटिका ढिगाने असतात. त्या काढायला सीरम एक लाख जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, रात्रभर, साधारण अठरा तास, फिरवून वरचं घ्यावं लागतं. आणि तू सीरमच वगळलं असशील, तर दोन्ही फ्लास्क उपाशी होते. मग तू ऑक्सिजनचा परिणाम मोजलास की उपाशीपोटी ऑक्सिजन कमी पडण्याचा? हा प्रश्न परीक्षक विचारतील, आणि विचारायलाच हवा.

तिसरं, मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी वेगळ्या मोजून कण प्रति जिवंत पेशी असे मांड. एक टक्क्यावर पेशी कमी वाढतात आणि जास्त मरतात. नुसते ‘प्रति मिलिलिटर’ आकडे दोन्हीकडून फसवतात. सीडी-६३, सीडी-८१, टीएसजी-१०१ ही एक्झोसोमची ओळख पटवणारी प्रथिनं तुझ्या कणांत असायला हवीत आणि कॅल्नेक्सिन नसायला हवं. कॅल्नेक्सिन दिसलं तर पेशीच्या आतले तुकडे मिसळले आहेत. आणखी एक: चेंबर उघडल्यावर हूडमध्ये रेंगाळू नकोस. ऑक्सिजन लागताच एचआयएफ-१ अल्फा काही मिनिटांत नष्ट होतं, आणि परत आलेला ऑक्सिजन हा स्वतःच वेगळा ताण आहे.

थिसिसमध्ये लिही: अमुक पेशी, अमुक वेळ, अमुक ऑक्सिजन, प्रति जिवंत पेशी इतके कण. त्यांनी काय केलं हे कळायचं असेल तर ते कण दुसऱ्या पेशींना देऊन बघ. तेवढा वेळ उरला नसेल तर ‘पुढील काम’ या मथळ्याखाली तसं लिही. गाईडना माझा नमस्कार सांग.

आईला स्तनाचा कर्करोग आहे. आम्ही साताऱ्याहून येऊन परळला खोली घेऊन राहतो, केमो चालू आहे. मोबाइलवर वाचलं की केमोच्या ताणाने कर्करोगाच्या पेशी जास्त पुटिका सोडतात आणि त्यातून रोग पसरतो. आईने ते ऐकलं आणि आता पुढच्या सायकलला नको म्हणते आहे. खरं काय?
*– एक मुलगी, परळ*

ताई, आधी उत्तर, मग कारण. केमो थांबवू नका. हे वाक्य आईला आजच वाचून दाखवा.

तुम्ही वाचलेली बातमी पोकळ नाही, म्हणून मी ती झटकून टाकत नाही. २०१९ साली ‘नेचर सेल बायोलॉजी’त एक काम आलं. टॅक्सेन आणि अँथ्रासायक्लिन या दोन वर्गांतली केमोची औषधं दिल्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींनी सोडलेल्या पुटिकांमध्ये अ‍ॅनेक्सिन-ए६ हे प्रथिन वाढलं, आणि त्या पुटिकांनी उंदरांच्या फुप्फुसात कर्करोगाला बसायला सोयीची जागा तयार केली. काम काळजीपूर्वक केलेलं आहे. पण ते उंदरांतल्या प्रारूपांवरचं आहे, आणि ते करणाऱ्यांचा हेतू केमो बंद करा असं सांगण्याचा नव्हता. केमोच्या जोडीने ही वाट कशी अडवता येईल याचा तो शोध होता.

आता तराजूचं दुसरं पारडं. याच दोन वर्गांच्या औषधांची माणसांवरची परीक्षा उंदरांपुरती राहिलेली नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये १२३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, एक लाख स्त्रियांचा. त्यात अशा केमोने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सरासरी एक तृतीयांशाने कमी झाले होते. पुटिकांमुळे होणारं जे काही नुकसान असेल, ते या आकड्यात आधीच धरलेलं आहे. त्या स्त्रियांच्या शरीरातल्या पेशीही केमोखाली पुटिका सोडतच होत्या, आणि तरीही केमो घेणाऱ्या जास्त जगल्या. आईला हेच समजावून सांगा.

केमोचा त्रास सोसवत नाही म्हणूनही आई नको म्हणत असेल. बातमी हे निमित्त असू शकतं. उलट्या, तोंड येणं, हातापायांना मुंग्या, झोप नसणं, यांतलं काय सगळ्यात असह्य होतंय ते तिला विचारा आणि ओपीडीत डॉक्टरांना तेच पहिलं सांगा. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे, डोस किंवा वेळापत्रकही बदलता येतं. घरच्यांपाशी रुग्ण जे बोलतो ते डॉक्टरांपाशी बोलत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. ते तुम्ही बोला.

माझ्या धाकट्या बहिणीचे केस भयंकर गळत आहेत. एका क्लिनिकमध्ये ‘एक्झोसोम थेरपी’ सांगितली आहे, डोक्यात बारीक सुया टोचून वरून कुपीतलं द्रव्य लावतात. सहा सत्रं, प्रत्येकी हजारो रुपये. तिला ऑगस्टमध्ये डेंगी झाला होता, गळती दिवाळीच्या सुमाराला सुरू झाली. करावं का?
*– एक वाचक, मुलुंड*

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलं आहे. जोराचा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भरभरून गळायला लागतात. तापाच्या धक्क्याने एकाच वेळी पुष्कळ केस वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग एकदमच सुटतात. मुळं शाबूत असतात. बहुतेकांत ही गळती सहाएक महिन्यांत आपोआप ओसरते आणि केस परत येतात. मुंबईत पावसाळ्यानंतर दरवर्षी हेच होतं. आता विचार करा: सहा सत्रं संपेपर्यंत किती महिने जातील? केस तर तसेही यायचेच होते. श्रेय कुपीला मिळेल आणि बहिणीची पुंजी क्लिनिकला. याचा मला खरोखर राग येतो, कारण केस गळताना आरशात बघणाऱ्या मुलीच्या भीतीवर हा व्यवहार उभा आहे.

कुपीबद्दलही सांगते. असल्या कुप्यांत बहुधा नाळेतल्या किंवा चरबीतल्या मूलपेशी ज्या माध्यमात वाढवल्या त्या माध्यमातला अर्क असतो. काही ठिकाणी तर वनस्पतींचा. कलिनाच्या विद्यार्थिनीला जे लिहिलं ते इथे पुन्हा लागू होतं. त्या पेशी कोणत्या अवस्थेत होत्या? पुटिकांचं उत्पादन वाढवायला पेशी मुद्दाम उपाशी ठेवणं, कमी ऑक्सिजनवर ठेवणं, हे सगळं केलं जातं. प्रयोग म्हणून त्यात वावगं काही नाही. पण त्याने संख्येसोबत आतला मालही बदलतो. लेबलवर ‘इतके अब्ज एक्झोसोम’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा कणांचा असतो, आणि कण म्हणजे मेलेल्या पेशींचा चुराही असू शकतो. जास्त कण म्हणजे जास्त गुण, असं कुठेच ठरलेलं नाही.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. नेब्रास्कात एक्झोसोम म्हणून विकलेल्या उत्पादनांनी काही रुग्णांना गंभीर अपाय झाला होता. कोणतंही एक्झोसोम उत्पादन उपचारासाठी मंजूर केलेलं नाही, असं त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटलं होतं. सुया टोचून त्वचेला हजार छिद्रं पाडायची आणि वरून कुठल्या दात्याच्या, कशा तपासलेल्या पेशींचा अर्क आहे ते न कळणारं द्रव्य लावायचं, याला मी धाडस म्हणेन, उपचार नाही.

बहिणीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. डेंगीनंतर जेवण गेलं असेल तर तेही सांगा. भांगाच्या जागी केस विरळ होत असतील किंवा गोल चट्टे पडत असतील तर प्रकरण वेगळं आणि त्याची सिद्ध औषधं वेगळी आहेत. नुसती सगळीकडून गळती असेल तर तिला धीर द्या आणि उन्हाळ्यापर्यंत थांबा.

मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जातो. तुमचा लेख वाचून वाटलं, माझ्या पेशी दिवसभर या पुटिका सोडत असणार. ताण मोजायला याची रक्ततपासणी करून मिळते का?
*– एक बँक कर्मचारी, डोंबिवली*

सोडत आहेत, आणि तुम्ही शांत झोपलात तरी सोडतीलच. मी लिहिलं तो ताण ऑक्सिजन, उष्णता, आम्लता, किरणोत्सर्ग यांचा होता, थेट पेशीवर येणारा. गर्दीचा आणि साहेबांचा ताण पेशींपर्यंत संप्रेरकांमार्फत पोचतो, पण एका रक्ततपासणीतून त्याचा आकडा काढून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. रक्तातल्या या पुटिकांची संख्या नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला, आधी काय खाल्लं यानेसुद्धा हलते.

एक मात्र तुम्हाला आवडेल. व्यायामाने, म्हणजे सायकल मारताना किंवा धावताना, रक्तातल्या बारीक पुटिका झपाट्याने वाढतात आणि थांबल्यावर लवकरच खाली येतात. तेव्हा दादरचा पूल धावत चढलात तर तुमच्याही वाढणार. ती वाढ स्नायू कामाला लागल्याची आहे, तिची काळजी नको. काळजी रक्तदाबाची, साखरेची आणि झोपेची करा. त्या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

आमच्या मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. एका कार्यकर्त्याने सांगितलं की पिशवीतल्या तांबड्या पेशी थंडीत पडून राहिल्या की तणावाखाली पुटिका सोडतात आणि रक्त खराब होतं. मग एकाच दिवशी एवढं रक्त गोळा करण्यात अर्थ आहे का?
*– मंडळाचे एक पदाधिकारी, लालबाग*

कार्यकर्त्याचं निम्मं बरोबर आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानाला ठेवतात, द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस. त्या काळात पेशीतली ऊर्जा घटते, पोटॅशियम बाहेर झिरपतं, बशीसारखा आकार जाऊन पेशीला काटे येतात आणि पटलाचे तुकडे पुटिका होऊन सुटतात. त्या पुटिकांसोबत बिघडलेलं हिमोग्लोबिनही बाहेर जातं, म्हणजे इथेही पेशी स्वतःची थोडी डागडुजी करतच असते. पिशवी जितकी जुनी तितक्या पुटिका जास्त, हे खरं.

पण ‘म्हणून रक्त खराब’ हे पुढचं पाऊल टिकलं नाही. ही शंका डॉक्टरांनाही होती, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २०१५ साली दोन प्रसिद्ध झाल्या, एक अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर, दुसरी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर. २०१६ साली तिसरी आली, वीस हजारांहून अधिक रुग्णांची. ताजं रक्त मिळालेले जास्त वाचले असं एकीतही दिसलं नाही. मुदतीतलं रक्त बिनदिक्कत द्या आणि घ्या.

एकाच दिवशी फार रक्त जमण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो पुटिकांमुळे नाही. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात. गणपतीत पिशव्यांचा ढीग आणि मे महिन्यात दाते गावाला गेले की टंचाई, हे रक्तपेढीतल्या कुणालाही विचारा. मंडळाने एक मोठं शिबिर घेण्याऐवजी दात्यांची यादी करून चार छोटी घ्यावीत, त्यांतलं एक एप्रिल-मेमध्ये. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्यामुळे तीच माणसंही परत येऊ शकतील. तारखा ठरवण्याआधी रक्तपेढीला फोन करा. थॅलेसेमियाच्या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त देतात, आणि त्यांना ते दर तीन-चार आठवड्यांनी लागतं. कोणत्या महिन्यात कमी पडतं ते त्यांना नेमकं माहीत असतं.